पिशवीवरची चिठ्ठी आणि आतलं बी : चाचणीच्या चौकटीतल्या प्रकार-व्याख्या अद्ययावत का ठेवायच्या

(आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

मागच्या खेपेला मी प्रामाण्यवादावर बोललो होतो. तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे सगळं ठीक आहे, पण आम्ही दिवसभर कॉम्प्युटरवर जे करतो त्याच्याशी याचा काही संबंध आहे का?" मी म्हणालो, विचार करून सांगतो. आज सांगायला आलोय.

आधीच कबूल करतो, मी प्रोग्रामर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता सत्तरी उलटली. पण गेल्या हंगामात माझ्याच घरच्या सोयाबीनच्या पट्टीत एक घोटाळा झाला, आणि त्याचा माग काढता काढता मी या विषयापर्यंत आलो. त्या घोटाळ्यापासूनच सुरुवात करतो.

चोवीस किलोचा घोटाळा

आमची थोडी जमीन आहे, ती बटईनं दिलेली आहे. आमच्या बटईदारानं बारा क्विंटल सोयाबीन एका खरेदीदाराकडे घातलं. ओलावा निघाला १४. सोयाबीनला १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, वरच्या प्रत्येक टक्क्याला तिथं क्विंटलमागे एक किलो कापायचे. म्हणजे दोन टक्के जास्त, बारा क्विंटल, २४ किलो कपात. १२०० मधून २४ गेले, ११७६ किलोचे पैसे यायला हवेत. मोबाइलवर पट्टी आली ११५२ किलोची.

बटईदार रात्री घरी आला. म्हणाला, "सर, पट्टी चुकली. कटती दोनदा मारली." मी म्हणालो, कॉम्प्युटरचा हिशोब आहे, नीट बघ. त्यानं बोटावर हिशोब करून दाखवला. मी शिकलेला माणूस यंत्रावर विश्वास ठेवून बसलो होतो, आणि चौथी शिकलेला माणूस बरोबर होता. त्या दिवशीच्या ४००० रुपये भावानं ९६० रुपये गेले होते. आमचे पुढे परत मिळाले. पण त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी तिथं माल घातला, त्या सगळ्यांची कटती दोनदा लागली होती, आणि सगळेच काही बोटावर हिशोब करून बघत नाहीत.

योगायोग असा की ते सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या चमूत माझा एक जुना विद्यार्थी निघाला. त्याचं आणि त्याच्या कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण त्यानं मला प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आमच्याकडे या हिशोबाची चाचणी होती. ११७६ च यायला पाहिजे, असंच तिच्यात लिहिलं होतं. आणि ती चाचणी रोज पास होत होती."

मी विचारलं, हिशोब चुकतोय आणि चाचणी पास होतेय, हे कसं काय? तो म्हणाला, "चाचणी उत्तराची वाटच बघत नव्हती. आणि ती वाट बघत नाही हे आम्हाला कळलं नाही, कारण आमची टाइप डेफिनिशन जुनी आणि खोटी होती."

हे वाक्य समजून घ्यायला मला दोन महिने लागले. तुम्हाला तासाभरात समजावून सांगायचा प्रयत्न करतो.

चाचणीची चौकट म्हणजे काय

प्रोग्राम लिहिणारे लोक प्रोग्रामसोबत आणखी एक छोटा प्रोग्राम लिहितात, त्याचं काम पहिल्याला प्रश्न विचारायचं. "बारा क्विंटल, ओलावा चौदा, सांग बरं किती?" उत्तर ११७६ आलं तर हिरवी खूण, नाही आलं तर लाल. असे शेकडो, हजारो प्रश्न असतात. ते एका शिस्तीत विचारायला, निकाल गोळा करायला, कुठं चुकलं ते दाखवायला जे साधन वापरतात त्याला चाचणीची चौकट म्हणू, म्हणजे टेस्टिंग फ्रेमवर्क.

जावास्क्रिप्ट या भाषेपुरतं बोलायचं तर जास्मिन, मोका आणि जेस्ट ही त्यातली प्रसिद्ध नावं. जेस्ट फेसबुकमध्ये तयार झालं, २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि २०२२ मध्ये ओपनजेएस फाउंडेशनकडे सोपवलं गेलं. माझ्या विद्यार्थ्याकडे जेस्ट होतं, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो.

त्यातले शब्द अगदी मोजके आहेत. 'डिस्क्राइब' म्हणजे आता कशाची परीक्षा आहे ते सांगा. 'इट' किंवा 'टेस्ट' म्हणजे हा एक प्रश्न. 'एक्स्पेक्ट' म्हणजे माझी अपेक्षा अशी आहे. आणि अपेक्षेच्या पुढं लागतात ते जोडशब्द, म्हणजे "इतकं असावं", "यात हे असावं", "हे काम बोलावलं गेलेलं असावं". त्यांना मॅचर म्हणतात.

व्याख्या वेगळी का ठेवावी लागली

आता प्रकार, म्हणजे टाइप. हा शब्द आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचाच. १९०२ मध्ये बर्ट्रांड रसेलनं फ्रेगेला पत्र लिहून त्याच्या तर्कव्यवस्थेतला विरोध दाखवला, आणि त्यातून वाट काढायला पुढं १९०८ मध्ये प्रकारांचा सिद्धांत नीट मांडला. सांगणं साधंच होतं : प्रत्येक गोष्ट प्रत्येक ठिकाणी ठेवता येत नाही. वस्तू वेगळी, वस्तूंचा संच वेगळा, संचांचा संच आणखी वेगळा. हे गल्लत करून बोललात की वाक्य व्याकरणात बसतं पण त्याला अर्थ राहत नाही. "तीन किलोच्या आत्याचं नाव काय?" हे असं वाक्य आहे.

जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये ब्रेंडन आइकनं फार थोड्या दिवसांत तयार केली. तिच्यात ही शिस्त सैल आहे. आकडा जिथं हवा तिथं अक्षरं दिली तरी ती चालवून घेते आणि भलतंच काहीतरी देते. म्हणून २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं टाइपस्क्रिप्ट आणली, अँडर्स हेल्सबर्ग त्याच्या मुळाशी होता. टाइपस्क्रिप्ट प्रोग्राम चालवण्याआधीच वाचून सांगते, इथं आकडा हवा, तू अक्षरं देतोयस.

पण एक अडचण होती. जगातलं बहुतेक तयार साहित्य आधीच जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं होतं. त्यात प्रकार लिहिलेलेच नव्हते. मग तोडगा निघाला : मूळ साहित्याला हात लावायचा नाही, शेजारी एक वेगळी फाइल ठेवायची. तिच्यात काम करणारी एकही ओळ नसते, फक्त वर्णन असतं. या नावाचं एक काम आहे, त्याला हे द्यावं लागतं, ते हे परत देतं. बस. ही प्रकार-व्याख्येची फाइल.

आपण जालन्याची माणसं, आपल्याला हे पटकन कळायला हवं. बियाण्याचा जिल्हा आपला. बद्रीनारायण बारवाल्यांनी इथून बियाण्याचं काम उभं केलं आणि १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तर बियाण्याच्या पिशवीला चिठ्ठी असते की नाही? पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी. चिठ्ठी म्हणजे बी नव्हे. चिठ्ठी पेरून काही उगवत नाही. पण पिशवी न फोडता दुकानात उभं राहून तुम्ही जो निर्णय घेता, तो चिठ्ठीवरून घेता. प्रकार-व्याख्या ही नेमकी अशी चिठ्ठी आहे.

चिठ्ठीचा एक गुण तुम्हाला ठाऊक आहेच. तिला मुदत असते. चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने. मुदत गेली की बी पुन्हा तपासायचं आणि नवी चिठ्ठी लावायची. का? तर बी बदलतं, चिठ्ठी आपोआप बदलत नाही.

चिठ्ठ्या लिहिणारे लोक

२०१२ मध्येच बोरिस यांकोव्ह या प्रोग्रामरनं एक सामायिक कोठार सुरू केलं, त्याचं नाव डेफिनेटलीटाइप्ड. जगभरचे लोक तिथं वेगवेगळ्या साहित्याच्या प्रकार-व्याख्या लिहून ठेवतात. आज तिथं हजारो साहित्यांच्या व्याख्या आहेत. २०१६ मध्ये टाइपस्क्रिप्टची दुसरी आवृत्ती आली, तेव्हापासून त्या नेहमीच्या पॅकेजसारख्याच मागवता येतात. जेस्ट, मोका, जास्मिन या तिन्हींच्या व्याख्या तिथं आहेत.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. साहित्य लिहिणारा एक, त्याची व्याख्या लिहिणारा बहुतेक वेळा दुसराच. तो पगारी नसतो. स्वतःच्या कामात अडला म्हणून त्यानं व्याख्या दुरुस्त केली आणि सगळ्यांसाठी ठेवून दिली. साहित्याची नवी आवृत्ती आज निघाली तर व्याख्या आजच बदलेल अशी हमी कोणी देत नाही. पुष्कळ साहित्यं आता व्याख्या स्वतःसोबतच देतात. २०१९ नंतर जेस्टचं मूळ लेखनही टाइपस्क्रिप्टमध्ये आलं आणि त्याच्या स्वतःच्या व्याख्याही मिळू लागल्या. पण जुनी कामं जुन्या पद्धतीनंच चालू असतात, आणि कोणाच्या घरात कोणती व्याख्या वापरात आहे हे घरच्यांनाही माहीत नसतं.

लक्षणाचे तीन दोष

इथं मला माझं शास्त्र आठवलं. न्यायशास्त्रात व्याख्येला लक्षण म्हणतात, आणि लक्षणाचे तीन दोष सांगितलेत. उदाहरण गाईचंच देतात. "गाय म्हणजे तांबूस रंगाचा प्राणी" असं म्हणालात तर पांढरी गाय सुटली. ही अव्याप्ती. "गाय म्हणजे शिंगं असलेला प्राणी" म्हणालात तर म्हैस आणि बकरीही आत शिरली. ही अतिव्याप्ती. आणि "गाय म्हणजे एकाच खुराचा प्राणी" म्हणालात तर एकही गाय त्यात बसत नाही, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो. हा असंभव.

मी विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "सर, आमच्या सगळ्या तक्रारी या तीन खणांत बसतात." मग आम्ही दोघांनी बसून त्या बसवून बघितल्या.

पहिली अव्याप्ती. २०१८ च्या मे महिन्यात जेस्टची तेविसावी आवृत्ती आली. तिच्यात एक सोय मिळाली : एकच प्रश्न वेगवेगळ्या आकड्यांनी विचारायचा असेल तर आकड्यांचा तक्ता द्यायचा, जेस्ट ओळीओळीनं विचारतं. त्या सोयीचं नाव 'ईच'. आता कोणाकडे जेस्ट नवं आणि व्याख्या जुनी असेल तर काय होईल? चौकट हे काम करू शकते, पण टाइपस्क्रिप्ट म्हणणार, असं काही नसतंच. लाल रेघ. बी चांगलं आहे, चिठ्ठीवर त्याचं नाव नाही. हा दोष त्रास देतो, पण लपत नाही. माणूस अडतो, चिडतो, शोधतो.

दुसरी अतिव्याप्ती. जेस्टमध्ये एकाच मॅचरला दोन दोन नावं होती. "बोलावलं गेलेलं असावं" यासाठी 'टू हॅव बीन कॉल्ड' हे मूळ नाव आणि 'टू बी कॉल्ड' हे टोपणनाव. टोपणनावं जुनी झाली असं बराच काळ सांगत होते, आणि २०२५ च्या जूनमध्ये तिसाव्या आवृत्तीत ती काढून टाकली. आता जेस्ट तिसावं आणि व्याख्या एकोणतिसाव्याची ठेवलीत, तर लिहिताना सगळं छान दिसणार आणि चालवताना पडणार. चिठ्ठीवर जे नाव आहे ते पिशवीत नाही. तरी इथं निदान चालवताना तरी कळतं.

तिसरा असंभव, आणि इथं आमचे ९६० रुपये जवळ येतात. काही कामांचं उत्तर लगेच मिळत नाही. सर्व्हरकडून भाव मागवायचा, ओलाव्याची मर्यादा मागवायची, तर वेळ लागतो. तेव्हा प्रोग्राम उत्तराऐवजी एक हमी देतो, तिला प्रॉमिस म्हणतात. जुन्या लोकांना मी म्हणेन, हुंडी समजा. हुंडी हातात आली म्हणजे पैसे आले नाहीत, ती वटावी लागते. अशा हमीच्या उत्तराची परीक्षा घ्यायला जेस्टमध्ये 'रिझॉल्व्हज' हा शब्द आहे, आणि तो वापरला की परीक्षेचा निकाल हाही हमीच्याच रूपात येतो. म्हणजे चाचणीनं थांबायला हवं. 'अवेट' लिहायला हवं. नाही लिहिलं तर चाचणी हुंडी बघते, बरं आहे म्हणते, हिरवी खूण करते आणि निघून जाते. हुंडी मागाहून बुडाली तरी तिला पत्ता नसतो.

आता व्याख्येनं असं सांगितलं की "इथून काहीच परत येत नाही", तर ते वर्णन एकाही खऱ्या प्रसंगाला लागू पडत नाही. हाच असंभव. सध्याच्या व्याख्येत मात्र स्वच्छ लिहिलेलं असतं की इथून हमी परत येते. आणि हमी येते असं लिहिलेलं असलं की राखणीला बसवलेली दुसरी साधनं ओरडून सांगू शकतात, "हमी वाऱ्यावर सोडलीस, थांबला नाहीस." ईएसलिंट नावाच्या तपासनिसात असा नियम आहे. पण तो तपासनीस बिचारा चिठ्ठीच वाचतो. चिठ्ठीवर नाही तर त्याला दिसत नाही.

'एनी' नावाची पळवाट

माझ्या विद्यार्थ्याच्या घरात तर याहून सोपी चूक झाली होती. टाइपस्क्रिप्टमध्ये एक प्रकार आहे, 'एनी'. म्हणजे काहीही. जिथं 'एनी' लिहिलं तिथं टाइपस्क्रिप्ट तपासणंच सोडून देते. गाय म्हणजे काहीही, अशी व्याख्या केली तर एकही गाय सुटणार नाही, पण दगडही गायच ठरेल. अतिव्याप्तीचं शेवटचं टोक.

झालं असं की तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी जेस्टची आवृत्ती बदलली, व्याख्या जुनीच राहिली. लाल रेघा आल्या. ही अव्याप्ती झाली, ती बरी, ती ओरडत तरी होती. पण दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. कोणीतरी घरच्या घरी एक छोटी व्याख्या-फाइल लिहिली आणि 'एक्स्पेक्ट' म्हणजे 'एनी' असं जाहीर करून टाकलं. रेघा गेल्या, सगळं शांत. त्यानंतर ज्यानं ज्यानं 'अवेट' विसरला, त्याला कोणी काही बोललं नाही. पुढं एके दिवशी कपातीचा हिशोब एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवला, पहिल्या जागचा काढायचा राहिला, कटती दोनदा लागली. जिनं पकडायचं ती चाचणी हुंडी बघून निघून गेली होती.

घोटाळ्यानंतर त्यांनी ती घरगुती फाइल काढली, खरी व्याख्या आणली. तत्क्षणी अकरा ठिकाणी इशारे आले. अकरा चाचण्या कित्येक महिने कशाचीही परीक्षा न घेता पास होत होत्या. तो मला म्हणाला, "सर, चाचणी नसती तर आम्ही निदान हातानं तपासलं असतं." मला हे वाक्य फार लागलं. खोटी निश्चिंती अज्ञानापेक्षा वाईट, कारण अज्ञानी माणूस निदान सावध असतो.

अद्ययावत करायचं म्हणजे नेमकं काय करायचं

इथं तरुण मंडळी बसलीत म्हणून जरा बारकाईनं सांगतो. ज्यांना हे काम नाही त्यांनी दोन मिनिटं सहन करा.

पहिलं, आकडे जुळवा. डेफिनेटलीटाइप्डमध्ये व्याख्येच्या आवृत्तीचे पहिले दोन आकडे मूळ साहित्याच्या आवृत्तीशी जुळतात. जेस्ट २९ असेल तर व्याख्याही २९ ची हवी. तिसरा आकडा मात्र व्याख्येचा स्वतःचा असतो, तो जुळायची गरज नाही. पुष्कळ जण तिन्ही जुळवायला जातात आणि गोंधळतात.

दुसरं, काय बदललं ते वाचा. प्रत्येक आवृत्तीसोबत बदलांची यादी येते. नवं काय आलं, जुनं काय गेलं, आणि नाव तेच राहून अर्थ कुठं बदलला. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २०२१ च्या मे महिन्यातली जेस्टची सत्ताविसावी आवृत्ती बघा. चाचणी संपली हे कळवायचे दोन मार्ग होते. एक तर 'डन' नावाची घंटी हातात घ्यायची आणि संपलं की वाजवायची, किंवा हमी परत द्यायची. कोणी कोणी दोन्ही करायचे. मग खरं कोणाचं धरायचं? सत्ताविसाव्या आवृत्तीनं ठरवलं, दोन्ही एकत्र चालणार नाही. नाव एकही बदललं नाही, पण व्याख्या बदलावी लागली. आधी तिच्यात ढोबळमानानं होतं, "घंटी घ्या आणि काहीही परत द्या." आता झालं, "घंटी घेतली तर काही परत देऊ नका, घंटी घेतली नाही तर हमी दिलीत तरी चालेल." 'काहीही'च्या जागी 'हे किंवा ते' आलं. व्याख्या अरुंद झाली आणि म्हणूनच जास्त खरी झाली.

तिसरं, व्याख्येचीही परीक्षा लिहा. हे मला सगळ्यात गमतीचं वाटलं. डेफिनेटलीटाइप्डमध्ये प्रत्येक व्याख्येसोबत एक चाचणीची फाइल असते, पण ती कधी चालवतच नाहीत. फक्त टाइपस्क्रिप्टकडून वाचून घेतात. तिच्यात बरोबर वापर लिहायचा, तो मान्य व्हायला हवा. आणि मुद्दाम चुकीचा वापरही लिहायचा, त्याच्या डोक्यावर सूचना ठेवायची की "पुढच्या ओळीत चूक सापडायलाच हवी." चूक सापडली नाही तर तीच चूक. बरोबर वापर मान्य झाला म्हणजे अव्याप्ती नाही, चुकीचा वापर नाकारला म्हणजे अतिव्याप्ती नाही. आमच्या नैयायिकांनी हे बघितलं असतं तर त्यांनी आनंदानं मान डोलावली असती.

चौथं, लहान बदल करा. एका वेळी एक गोष्ट. व्याख्या कडक केलीत की हजारो लोकांच्या घरात उद्या सकाळी लाल रेघा उमटणार आहेत, हे ध्यानात ठेवा. रेघ का आली हे त्यांना कळलं पाहिजे. नाहीतर तेही घाईत 'एनी' लिहून मोकळे होतील, आणि तुमची खरी व्याख्या खोट्या शांततेचं कारण होईल.

आणि 'एनी'च्या जागी शक्य तिथं 'अननोन' वापरा. २०१८ पासून हा प्रकार टाइपस्क्रिप्टमध्ये आहे. 'एनी' म्हणतं, काहीही असो, मी विचारणार नाही. 'अननोन' म्हणतं, मला माहीत नाही, म्हणून आधी तपासून घे. दोघांनाही माहीत नाही, पण एक बेफिकीर आहे आणि दुसरा प्रामाणिक.

मग शेवटी तपासायचं कोणी?

आता माझ्या शास्त्राचा प्रश्न. प्रोग्रामला चाचणी तपासते. चाचणीला व्याख्या तपासते. व्याख्येला तिची चाचणी तपासते. तिला कोण तपासणार? आमच्याकडे याला अनवस्था म्हणतात, खाली पायच लागत नाही. आणि चाचणीनं व्याख्येवर, व्याख्येनं चाचणीवर विसंबलं तर अन्योन्याश्रय.

प्रामाण्याबद्दल आपल्याकडे जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात स्वतःच प्रमाण असतं, खोटं ठरेपर्यंत ते धरून चाला. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून कळतं. दूरवर पाणी दिसलं. ते पाणी की मृगजळ? चालत जा, प्या, तहान भागली तर पाणी. ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की ज्ञान प्रमाण.

मला वाटतं, कॉम्प्युटरवर बसणारी मंडळी हिरवी खूण दिसली की मीमांसक होतात. खूण आहे ना, मग खरंच असणार. थोडं नैयायिक व्हा. अनवस्था शब्दांनी थांबत नाही, कुठंतरी जमिनीला पाय लावावा लागतो. चाचणी खरंच परीक्षा घेते का, हे बघायचा एक साधा मार्ग विद्यार्थ्यानं मला सांगितला. हिशोब मुद्दाम बिघडवा. चोवीसच्या जागी पंचवीस कापा. चाचणी लाल झाली पाहिजे. तरीही हिरवीच राहिली तर ती चाचणी झोपलेली आहे.

आपला शेतकरी हे दरवर्षी करतो. घरचं सोयाबीन बी म्हणून ठेवलं तर पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, काही दिवसांनी उघडतो, कोंब मोजतो. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीच्या हिशोबानं पेरायचं, कमी उगवले तर बियाण्याचं प्रमाण वाढवायचं किंवा ते बी सोडायचं. चिठ्ठी निळी असली तरी जाणता माणूस हे करतोच. तो चिठ्ठीचा अपमान करत नाही. चिठ्ठी पण हवी आणि गोणपाट पण हवं.

एवढंच मला सांगायचं होतं. आता दोनतीन प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

*सर, मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी इथूनच काम करते. टीमलीडला सांगितलं की व्याख्या अपडेट करायला दोन दिवस लागतील, तर तो म्हणतो, ग्राहकाला त्यातलं काहीच दिसत नाही.*

बरोबर बोलतो तो, ग्राहकाला दिसत नाही. पण आमच्या बटईदाराला दिसलं ना? त्याला फक्त चुकलेली पट्टी दिसली. बाई, तुम्ही दोन दिवस मागू नका. एक फाइल घ्या, त्यातला 'एनी' काढा, किती इशारे येतात ते मोजा आणि तो आकडा त्यांच्यासमोर ठेवा. शून्य आला तर ते खरे. अकरा आले तर दोन दिवस ते स्वतःच देतील.

*मी अजून शिकतोय. डेफिनेटलीटाइप्डसारख्या ठिकाणी माझ्यासारख्यानं काही पाठवलं तर घेतात का?*

घेतात, असं मला माझा विद्यार्थी सांगतो, फक्त नियम पाळावे लागतात. बदलासोबत त्याची चाचणी द्यायची, मूळ साहित्यात ते कुठं लिहिलंय त्याचा दुवा द्यायचा. मग त्या व्याख्येची राखण करणारे लोक तपासतात. वशिला लागत नाही, डिग्री विचारत नाहीत. तिथं एक ओळ दुरुस्त झाली तर ती जगभर जाते. आष्टीतून दुरुस्त झालेली ओळ आहे हे कोणाला कळणार नाही, आणि कळायचीही गरज नाही.

*सर, ज्यांची कटती दोनदा कापली त्या बाकीच्या शेतकऱ्यांचं काय झालं?*

हा प्रश्न येईल हे मला वाटलंच होतं. विद्यार्थ्यानं त्या आठवड्याच्या सगळ्या पट्ट्या पुन्हा काढायला लावल्या, फरकाची यादी करून खरेदीदाराला दिली. काही जणांचे पैसे मिळाले. काही जण ऊसतोडीला गेले होते, त्यांचे फोन लागले नाहीत. ती यादी अजून पूर्ण झालेली नाही, आणि तो दर आठवड्याला त्यातली दोन नावं तरी शोधतो. तुमच्यापैकी कोणी त्या दिवसांत माल घातला असेल, तर घरी जाऊन जुनी पट्टी काढा आणि बोटावर हिशोब करून बघा. चुकलेली निघाली तर माझ्याकडे या, मी त्याला फोन लावून देतो.